एमएसडब्ल्यू करायचंय? आधी फिल्डवर्कचं विचारा

मे महिना लागला की माझ्या फोनवर एक ठरलेला प्रश्न येऊ लागतो. "ताई, मुलीला एमएसडब्ल्यू करायचंय. कॉलेज कुठलं चांगलं?" एमएसडब्ल्यू म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी. विचारणारे कळव्याचे, ऐरोलीचे, कधी बदलापूरचे. मी उलट विचारते, "फिल्डवर्क कुठे देतात आणि सुपरव्हायजर आठवड्याला किती वेळ बसतात, हे विचारलंत का?" फी विचारलेली असते, नोकरी लागते का तेही विचारलेलं असतं. फिल्डवर्कचं बहुतेक कुणी विचारलेलं नसतं.

या शिक्षणाचा अर्धा जीव फिल्डवर्कमध्ये, म्हणजे वस्तीत किंवा संस्थेत जाऊन केलेल्या प्रत्यक्ष कामात आहे. टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस, म्हणजे आपली 'टिस', १९३६ साली सुरू झाली ती नागपाड्याच्या नेबरहूड हाऊसमध्ये, भर वस्तीत. देवनारला ती १९५४ मध्ये गेली. वस्ती आधी, कॅम्पस नंतर, असा हा क्रम आहे. मी कळव्यातून ये-जा करत एमएसडब्ल्यू केलं, आता आमच्या संस्थेत येणाऱ्या विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क बघते. म्हणून हा लेखही त्याच बाजूने लिहिते आहे.

अर्ज भरायच्या आधी: एक दाखला काढून बघा

समाजसेवा आपल्याकडे घरोघरी असते. गणपतीत रक्तदान, जूनमध्ये वह्यावाटप. ते चांगलंच आहे, चालू राहू दे. समाजकार्य मात्र शिकून, पगार घेऊन करायचा व्यवसाय आहे. त्याच्या ठरलेल्या पद्धती आहेत, मूल्यं आहेत आणि केलेल्या प्रत्येक गोष्टीचा लेखी हिशेब द्यावा लागतो. हा फरक प्रवेशाच्या आधी अंगाने कळावा म्हणून मी प्रत्येकाला एक काम सांगते.

तुमच्या सोसायटीत काम करणाऱ्या मावशी किंवा वॉचमन काका यांच्यापैकी कुणाला तरी एखादा कागद हवा असतो. बऱ्याचदा उत्पन्नाचा दाखला. त्यांची तयारी असेल तर पहिल्या फेरीपासून दाखला हातात पडेपर्यंत त्यांच्यासोबत जा. खिडकीवर त्यांनाच बोलू द्या, तुम्ही बाजूला उभं राहा. किती फेऱ्या झाल्या, किती दिवसांची रोजी बुडाली, कुठला कागद कुणी मागितला, ते रात्री घरी येऊन लिहून काढा. आणि एक गोष्ट स्वतःशी प्रामाणिकपणे बघा: मावशी झेरॉक्स विसरून आल्या तेव्हा तुम्हाला कुणाचा राग आला?

हे काम केलेली मुलं मुलाखतीत वेगळी ओळखू येतात. काही जण या एका अनुभवानंतर ठरवतात की हे आपलं क्षेत्र नाही. तेही वेळेवर कळलेलं बरं.

कोर्स आणि कॉलेज निवडताना

बारावीनंतर बीएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदवी, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर दोन वर्षांचं एमएसडब्ल्यू, हे दोन मुख्य रस्ते. बीकॉम किंवा बीएस्सी केलेली मुलं एमएसडब्ल्यूला येतात आणि उत्तम करतात, त्यामुळे बीएसडब्ल्यू नाही म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. बीएसडब्ल्यू केलेल्यांना पहिल्या वर्षी पाया ओळखीचा वाटतो, इतकाच फरक.

ठाण्या-नवी मुंबईतून रोज जाण्यासारखी जुनी नावं म्हणजे देवनारची टिस, न्यू मरीन लाइन्सचं निर्मला निकेतन (१९५५ पासूनचं, मुंबई विद्यापीठाशी संलग्न, बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू दोन्ही) आणि मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठ. वाशी-नेरूळच्या मुलांना टिस हार्बरवर गोवंडीला उतरलं की जवळ. ठाणेकरांना कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. नोकरी करत शिकायचं असेल तर इग्नूचे बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू दूरस्थ पद्धतीने करता येतात, पण फिल्डवर्क तिथेही सक्तीचं आहे. ते सांभाळायला रजा मिळेल का, हे आपल्या कार्यालयात आधी विचारा.

याशिवाय आपल्या पट्ट्यात लहान-मोठी इतर कॉलेजंही हा कोर्स चालवतात. कुठलंही असो, प्रवेश घेण्याआधी एकदा तिथे जा, आणि ऑफिसात न थांबता दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांना कँटीनमध्ये गाठा. फिल्डवर्क आठवड्यातून किती दिवस आणि कुठे? एजन्सीत, म्हणजे फिल्डवर्कसाठी ज्या संस्थेत पाठवतात तिथे, सांभाळणारं माणूस समाजकार्य शिकलेलं आहे का? कॉलेजचे सुपरव्हायजर दर आठवड्याला आयसी घेतात का, म्हणजे एकट्याला बसवून चर्चा करतात का? रेकॉर्डिंग, म्हणजे फिल्डवर्कची लिहून काढलेली नोंद, वाचून, त्यावर शेरे लिहून परत मिळतं, की सेमिस्टरच्या शेवटी नुसती सही होते? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सही असं आलं, तर ते कॉलेज कितीही घराजवळ असलं तरी मी नको म्हणेन.

जाहिरातीत '१०० टक्के प्लेसमेंट' लिहिलेलं असेल तर तो शब्द नीट विचारून घ्या. आमच्या क्षेत्रात फिल्डवर्कच्या एजन्सीलाही प्लेसमेंटच म्हणतात.

प्रवेश परीक्षा आणि मुलाखत

टिससाठी गेल्या काही वर्षांपासून सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. इतर ठिकाणी लेखी परीक्षा, गटचर्चा, मुलाखत यांचं मिश्रण असतं. तारखा त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच बघा, व्हॉट्सअॅपवरच्या फॉरवर्डवर विसंबू नका.

लेखी परीक्षेची तयारी इतर कुठल्याही परीक्षेसारखीच. मुलाखत मात्र वेगळी. "मला लोकांना मदत करायला आवडतं" हे वाक्य समोरच्यांनी त्या दिवशी कितीतरी वेळा ऐकलेलं असतं. त्याऐवजी तुमच्या दारातला एक प्रश्न धरा. दिघ्याला राहत असाल तर घरांच्या कागदपत्रांचा, भिवंडीत असाल तर यंत्रमागावरच्या बारा तासांच्या पाळ्यांचा, घणसोली-कोपरखैरणेच्या गावठाणात वाढला असाल तर प्रकल्पग्रस्तांचा. नवी मुंबई वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली, जमिनी गेल्या, १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन पेटलं, त्यातून पुढे साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत. हे घरातल्या आजोबांकडून ऐकलेलं असतं, पण अभ्यासाचा विषय म्हणून आपण त्याकडे बघितलेलं नसतं. मुलाखतीत ते बोला. घरी काय झालं ते सांगा आणि मग त्यावर तुमचा प्रश्न मांडा.

मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये. बरीचशी पुस्तकं इंग्रजीत आहेत, हे खरं. मी एक वही केली होती. डावीकडे केसवर्क, उजवीकडे व्यक्ती सहाय्य कार्य. ग्रुपवर्क म्हणजे गटकार्य, कम्युनिटी ऑर्गनायझेशन म्हणजे समुदाय संघटन. या तीन प्राथमिक पद्धती, मग सामाजिक संशोधन, समाजकल्याण प्रशासन आणि सामाजिक कृती. प्रत्येक संज्ञेखाली वस्तीतला एक प्रसंग लिहायचा. त्या वहीवर दोन वर्षं निघाली. आणि वस्तीत गेल्यावर पारडं फिरतं: मराठी, त्यातही आगरी किंवा वऱ्हाडी वळणाचं मराठी कानाला ओळखीचं असलेलं मूल तिथे खूप पुढे असतं.

पैशांचं

शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी पोर्टलवर भरतात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जात पडताळणी, ही कामं प्रवेशाच्या आधीच काढून ठेवा, ऐन जुलैत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. एक खर्च सगळे विसरतात तो प्रवासाचा. विद्यार्थी सवलतीचा रेल्वे पास घर ते कॉलेज या मार्गाचा. एजन्सी शहापूर किंवा तुर्भ्याला मिळाली तर ते तिकीट, पुढची रिक्षा आणि दुपारचं जेवण खिशातून. महिन्याचा हिशेब त्यासकट मांडा.

फिल्डवर्कचे पहिले आठवडे

सुरुवातीला ओरिएंटेशन भेटी होतात. बालगृह, रुग्णालय, पोलीस ठाण्यातला महिला कक्ष, एखादी वस्ती. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासूनचं आहे, आणि त्याच्या नावाने विनोद करत आपण लहानाचे मोठे झालो. अशा ठिकाणी जाण्याआधी आपल्या तोंडातले ते शब्द आधी काढून टाका. वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे पालक बाकावर वाट बघत बसलेले दिसतात. त्या बाकावर थोडा वेळ बसून आलात तर भेटीचा अर्धा अहवाल तिथेच मिळतो.

मग एजन्सी ठरते, आणि आठवड्यातले साधारण दोन दिवस तिथले होतात.

वस्तीत पहिल्या दिवशी वही बाहेर काढू नका. वही दिसली की माणसं समजतात सर्व्हे आला, म्हणजे एकतर घर मिळणार किंवा घर जाणार. फोटो तर नाहीच. आधी अंगणवाडी सेविका आणि आशाताईंना भेटा. गल्लीत कोण कुठे राहतं, कुणाच्या घरी बाळंतपण आहे, कुणाशी कुणाचं पटत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. त्यांना "मॅडम" म्हणा. तुम्हाला कुणी मॅडम म्हटलं तर ताई म्हणायला सांगा.

वेळेचं गणित मांडा. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी एक ते चारच्या मध्ये घरी सापडतात. नाका कामगार सकाळी नऊच्या आत नाक्यावरच भेटतात. येऊरच्या पाड्यांवर शेतीच्या दिवसांत दुपारी कुलपं असतात. कॉलेजची मुलं अकरा ते तीन जातात आणि "लोकांचा प्रतिसाद नाही" असं लिहून आणतात. प्रतिसाद असतो, फक्त तो संध्याकाळी सहाला घरी येतो.

पाणी कधी येतं ते पहिल्याच आठवड्यात विचारा. हा प्रश्न मी कशासाठी सांगते आहे, ते आता सांगते.

रेकॉर्डिंग: इथेच शिक्षण होतं

माझी पहिली एजन्सी ट्रान्स हार्बरच्या रुळांलगतच्या एका वस्तीत होती. शाळेत न जाणाऱ्या एका मुलाच्या घरी मी गेले आणि रात्री रेकॉर्डिंग लिहिलं: "आई आळशी आहे. सकाळी अकरा वाजता झोपलेली होती. घर अस्वच्छ. मुलाकडे दुर्लक्ष." चार वाक्यं, आणि मला वाटलं, काय नेमकं लिहिलंय!

आमच्या सुपरव्हायजर मॅडमनी 'आळशी' या शब्दाभोवती पेन्सिलने गोल केला. बाजूला लिहिलं, "हे पाहिलंत की ठरवलंत?" आयसीमध्ये त्यांनी एवढंच विचारलं, "त्या किती वाजता झोपल्या होत्या?" मला माहीत नव्हतं.

पुढच्या आठवड्यात मी विचारलं. त्या गल्लीत पाणी रात्री तीनला यायचं. हंडे भरून, पाचला डबा करून नवरा कामावर गेला की त्या स्वतः दोन घरी भांडी घासून साडेनऊला परत यायच्या. मी गेले तेव्हा त्यांना डोळा लागून तासभरही झाला नसेल. आणि मुलगा शाळेत का जात नव्हता? धाकट्या बहिणीला सांभाळायला घरी दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिलं ते असं: "सकाळी अकराला गेले तेव्हा त्या झोपल्या होत्या. पाणी रात्री तीनला येतं, असं त्यांनी सांगितलं. मुलगा दीड वर्षाच्या बहिणीला कडेवर घेऊन दारात उभा होता. अंगणवाडी दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण धाकटीचं नाव तिथे नोंदवलेलं नाही." पहिल्या रेकॉर्डिंगमधून बाईला चार उपदेश करण्यापलीकडे काही निघत नव्हतं. दुसऱ्यातून कामं निघाली: अंगणवाडीत नाव, शाळेत मुख्याध्यापकांशी बोलणं, पाण्याच्या वेळेबद्दल गल्लीतल्या बायकांची बैठक. व्यक्ती सहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन, तिन्ही त्या एका घरातून सुरू झालं.

म्हणून रेकॉर्डिंग लिहिताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. डोळ्यांनी पाहिलं ते. समोरच्याने सांगितलं ते, शक्यतो त्याच्याच शब्दांत. आणि तुम्हाला वाटलं ते, शेवटी, 'माझं मत' असं स्पष्ट म्हणून. त्याच रात्री लिहा. दोन दिवसांनी लिहिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये माणसाचं बोलणं हरवतं आणि आपलं मत तेवढं उरतं. खरी नावं लिहू नका. आणि ट्रेनमध्ये मैत्रिणीला केस सांगत बसू नका, डब्यात कोण कुणाच्या नात्यातलं असेल सांगता येत नाही.

गोपनीयतेला एक मर्यादा आहे, ती पहिल्या दिवसापासून माहीत हवी. लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. त्यामुळे मुलाला "मी कुणालाच सांगणार नाही" असं वचन कधीही देऊ नका. "तुझ्या सुरक्षेसाठी ज्यांना सांगणं भाग आहे त्यांनाच सांगेन" असं म्हणा आणि त्याच दिवशी एजन्सीच्या आणि कॉलेजच्या सुपरव्हायजरना फोन करा. हे ओझं विद्यार्थ्याने एकट्याने वाहायचं नसतं. १०९८ हा क्रमांक तर पाठच असू दे. ती चाइल्डलाइन १९९६ मध्ये टिसच्याच एका फिल्ड अॅक्शन प्रकल्पातून उभी राहिली.

वचन देऊ नका

माझ्या हातून झालेली मोठी चूक हीच. एका विधवा मावशींना मी सांगून बसले, "संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरू, महिन्याभरात पैसे सुरू होतील." योजनेला राज्यातलं १५ वर्षांचं वास्तव्य आणि वर्षाला २१,००० रुपयांच्या आतलं उत्पन्न लागतं, हे मी वाचलेलं होतं. वास्तव्याचा पुरावा त्यांच्याकडे आहे का, ते मात्र बघितलं नव्हतं. रेशनकार्ड चारच वर्षांपूर्वीचं निघालं. अर्ज अडला. तिसऱ्या महिन्यात त्या मला लांबून बघून आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मला आजही ते दार दिसतं.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी अटी वाचायच्या, मग घरातले सगळे कागद एका पिशवीतून जमिनीवर पसरून बघायचे, काय आहे आणि काय नाही ते त्यांच्यासमोर मोठ्याने वाचायचं, आणि मगच सांगायचं, "अर्ज करून बघू. नाही झालं तर का नाही झालं, ते मी येऊन सांगेन." दुसरं वाक्य पाळणं जास्त महत्त्वाचं. त्या मावशींचा पुरावा शेवटी मुलाच्या शाळेच्या जुन्या दाखल्यातून मिळाला, पण त्यासाठी मला तीनदा दाराबाहेर उभं राहावं लागलं.

कॅम्प, प्रबंध, विशेषीकरण

रूरल कॅम्प मुरबाड-शहापूरकडे किंवा पालघरला होतो. तिथे शिकवायला जाऊ नका. कातकरी वाडीवरची माणसं वीटभट्टीवर कधी जातात, उचल किती घेतात, कधी परततात, एवढं जरी नीट ऐकून आलात तरी कॅम्प सार्थकी लागला.

प्रबंधाचा विषय लहान घ्या. 'नवी मुंबईतील महिलांच्या समस्या' हा विषय दहा जणांना पुरून उरेल. एका गल्लीतल्या घरकामगार बायकांच्या सुट्टीच्या दिवसाबद्दल विचारलंत तर दोन वर्षांत काहीतरी हाती लागेल.

विशेषीकरण निवडताना एकच सांगते: फिल्डवर्कच्या कुठल्या दिवशी घरी येताना दमलेले असूनही मन जागं होतं, ते आठवा. वैद्यकीय समाजकार्यात रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम असतं. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, हे माहीत नसलेल्या कुटुंबाला तिथवर नेणं हे त्या कामातलं रोजचं. मानसिक आरोग्यात जायचं असेल तर २०१७ च्या कायद्याने मनोविकृती समाजकार्यकर्त्याला एमएसडब्ल्यूच्या पुढचं विशेष शिक्षण लागतं, त्याची चौकशी पहिल्याच वर्षी सुरू करा. कुटुंब व बालक घेणाऱ्यांना बालसंरक्षण यंत्रणा आहे, आणि पोलिसांसोबत चालणारे महिलांचे विशेष कक्षही आहेत, ज्यांची सुरुवात १९८४ मध्ये मुंबई पोलीस आयुक्तालयातून झाली. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये कल्याण अधिकारी आणि सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या कामाच्या, जागा असतात. २०१३ च्या कंपनी कायद्यापासून मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतले २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. सुरुवातीचा पगार संस्थांमध्ये कमीच असतो. घरच्यांना हे आधी सांगा, म्हणजे नंतर रोज जेवताना त्यावर बोलणी होत नाहीत.

फिल्डवर्क संपताना

मार्चअखेर फिल्डवर्क संपतं आणि विद्यार्थी एका दिवशी यायचे बंद होतात. माणसं महिनाभर विचारत राहतात, "ती ताई आजारी आहे का?" हे करू नका. फेब्रुवारीपासूनच सांगायला लागा की मी अमुक दिवसापर्यंत आहे. मुलांना कॅलेंडरवर खूण करून दाखवा. चालू असलेल्या प्रत्येक केसचं एक पान करा: अर्ज क्रमांक, कुठल्या टेबलावर आहे, पुढची तारीख, कुठला कागद कुणाकडे. एक प्रत एजन्सीत ठेवा आणि एक त्या घरात, जिथे ते डबा ठेवतात त्या फळीवर, त्यांना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. वाचता येत नसेल तर शेजारच्या कुठल्या मुलीला वाचता येतं, ते विचारून तिला दाखवून या.